पानमळ्याच्या विहिरीतला समुद्र

आमटीत मीठ जास्त पडलं की आमच्या घरातली माणसं आमटीकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. मी रागावेन म्हणून नाही. आता हे ती विहिरीची केस सांगायला लागणार, ही त्यांची धास्ती. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले. त्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळायला लागलेत. ही केस मात्र चवीसकट लक्षात राहिली, कारण या तपासात मी डोक्यापेक्षा जीभ जास्त वापरली.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मी कोकणातला, खाडीकाठचा, नवा फौजदार. बुलढाणा जिल्ह्यात बदलीचा हुकूम आला तेव्हा आई म्हणाली, "तिथं समुद्र नाही, मग तू खाणार काय?" हा प्रश्न मलाही पडला होता. माझं ठाणं घाटावरचं, मेहकर तालुक्यातलं. जानेफळच्या पुढे एसटीतून उतरलो, ठाण्याच्या दारातल्या शिपायाला विचारलं, "इथं ठाणेदार कोण आहेत?" त्यानं मला खालवर बघितलं, सलाम ठोकला आणि म्हणाला, "तुमीच आहा ना, साहेब." आमच्याकडच्या फौजदाराला तिकडे ठाणेदार म्हणतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ठाण्याचा नवा ठाणेदार ठाणेदाराला शोधतो आहे, ही बातमी माझं जेवण व्हायच्या आत बाजारात पोचली.

माझी सगळी मदार होती ती आमच्या जमादारांवर. माणूस तिथलाच. अंगानं भरलेला, चालीनं सावकाश आणि कुठल्याही बातमीनं न दचकणारा. मी धावत सुटलो की ते माझी विसरलेली टोपी उचलून शांतपणे मागून यायचे.

एका सकाळी एक बाई ठाण्यात आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, विधवा. जवळच्या एका गावाच्या कडेला त्यांचा विड्याच्या पानांचा मळा होता. गावाचं नाव इथे सांगत नाही. मी म्हणालो, "बसा, बाई." बसायच्या आधी त्यांनी पिशवीतून पितळी तांब्या काढला, त्याच्या तोंडाचं फडकं सोडलं आणि तो माझ्यापुढे ठेवला.

"घ्या साहेब, पानी पेऊन पाहा."

उन्हातून आलेली बाई आधी मलाच पाणी देते आहे. मला भरून आलं. वऱ्हाडच्या पाहुणचाराबद्दल ऐकून होतो. मी तांब्या उचलला, वरून धार धरली आणि घटाघटा प्यायला लागलो. घशाखाली उतरल्यावर कळलं की ते पाणी नव्हतंच, मिठवणी होतं. मला ठसका लागला तो थांबेना.

"माह्या विहिरीचं हाय," बाई म्हणाल्या. "कोनं तरी मीठ टाकलं."

जमादारांनी रिकाम्या तांब्यात डोकावून पाहिलं. "साहेब, हा मुद्देमाल होता. सील कराचा होता."

मुद्देमाल पिऊन टाकणारा मी खात्यातला बहुधा पहिलाच अधिकारी. तक्रार लिहून घेतली, स्टेशन डायरीत नोंद केली आणि दुसरा मुद्देमाल आणायला आम्ही सायकलींवर निघालो.

ज्यांनी विड्याचं पान फक्त पानाच्या ठेल्यावर पाहिलं आहे, त्यांच्यासाठी सांगतो. ही वेल उन्हातली नव्हे. घाटावरच्या तापत्या मुलखात ती जगवायची तर आधी शेवरी-पांगाऱ्याची झाडं वाढवायची, त्यांच्यावर ती चढवायची, भोवती गवताचा कूड घालून वारा अडवायचा आणि पाण्याचा खाडा पडू द्यायचा नाही. बाहेर भेगाळलेली काळी जमीन, आणि आत पाऊल टाकलं की ओला, हिरवा अंधार. मी पाऊल टाकलं ते बुटांसकट.

"साहेब, खेटरं बाहेर," बाई मागून म्हणाल्या.

पानमळ्यात कोणी पायताण घालून जात नाही, तो त्यांचा देव्हारा. मी घाईनं मागे सरलो, तर बूट चिखलात रुतला, पाय निघाला आणि बूट वेलीच्या मुळाशी उभाच्या उभा राहिला. जमादारांनी बाहेरून काठी घालून तो ओढून काढला. जागेचा पंचनामा मी अनवाणी केला.

वेलीची खालची पानं पिवळी पडली होती. कडा करपल्यासारख्या. बाईंनी एक पान उलटं करून दाखवलं, जसं दवाखान्यात आई पोराची जीभ दाखवते.

"हा मळा माह्या सासऱ्यानं लावला, साहेब. आता उन्हाळा लागून राह्यला. येलाले गोडं पानी नाई भेटलं त येल जाते. पुन्हा लावाचा, पुन्हा चढवाचा, अन् मंग पान. तवरोक मी राहीन का नाई, मले मालूम नाई."

हीच खरी केस होती. कोणी मीठ टाकलं हा माझा प्रश्न. उन्हाळ्याच्या आत पाणी गोड होतं की नाही, हा त्यांचा.

विहीर पाहिली. काठावर मिठाचा खडा नाही, पोत्याचा धागा नाही. पाण्याचे नमुने घ्यायला ठाण्यातल्या रिकाम्या बाटल्या आणल्या होत्या. त्या धुऊन, भरून, लाख लावून तपासणीसाठी पाठवायला दिल्या. मग मी मोठ्या अधिकाऱ्यासारखा मळ्याला एक फेरा मारला. विहिरीच्या वरच्या अंगाला कुडापलीकडे एका घराची मागची दगडी भिंत होती. तिथं मला समुद्राचा वास आला. ओहोटीला खाडीवर येतो, अगदी तसा. मी थबकलो. छाती भरून वास घेतला. आणि माझी खात्री पटली की मला घरची आठवण येते आहे. ठाण्यावर आल्यावर आईला पत्र लिहिलं की इथे मला समुद्राचे भास होतात. तिनं उलट टपाली अंगारा पाठवला.

आता खबर. आमचा एक खबऱ्या होता, चहा पाजला की बोलणारा आणि न पाजला तरी बोलणारा. तो सांगायला आला, "साहेब, मीठवाले चाचा. दिवेलागनीले त्याची गाडी पानमळ्याच्या मागच्या वाटेनं जाते. जातानी पोत्यानं भरेल, येतानी खाली."

चाचा म्हणजे बाजाराच्या कडेला खडेमीठ आणि किराणा विकणारे म्हातारे मुसलमान दुकानदार. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणायचं. बाईंच्या घरच्यांशी त्यांचं गाडीवाटेवरून पूर्वी कधी वाजलं होतं, हेही खबऱ्यानं पुरवलं. मीठ मिळालं, गाडी मिळाली, भांडण मिळालं. केस सुटली म्हणून मी जमादारांच्या पाठीवर थाप मारली. जमादार म्हणाले, "लयच लवकर सुटली, साहेब."

गावात पोचलो तर खबर आमच्या आधी पोचलेली. चाचांच्या दुकानासमोरून लोक दुसऱ्या बाजूनं जात होते. एक-दोघांच्या बोलण्यात चाचांची नमाज-टोपीही यायला लागली होती. पोलीस पाटील मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, काय ते बेगीनं पाहा. गाव तापून राह्यलं."

चाचांना चावडीत बोलावलं. पोलीस ट्रेनिंगमध्ये मला एक युक्ती शिकवली होती: प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं, शांतता सहन न होऊन गुन्हेगार आपण होऊन बोलतो. मी प्रश्न विचारला आणि गप्प बसलो. चाचाही गप्प बसले. माशी फिरत होती. चाचा माशीकडे बघत होते, मी चाचांकडे. अखेर ती शांतता मलाच सहन झाली नाही.

"चाचा, बोला की हो. विहिरीत मीठ टाकलंत?"

"साहेब, मी मीठ विकतो. फेकाले मले पुरवडते का?"

"गाडी भरून मळ्याच्या मागे नेलीत ना?"

"हाव, नेली."

"कोणाला दिलंत मीठ?"

"गिऱ्हाइकाले."

"गिऱ्हाईक कोण?"

"ते सांगता येत नाई. तो म्हने, कोनाजवळ बोलू नका. मी म्हटलं, नाई बोलत. जबान देल्ली, साहेब."

"एवढं मीठ कशाला लागतं त्याला?"

"म्या नाई पुसलं. ढोराईसाठी असन." मग चाचा अगदी अदबीनं म्हणाले, "तुमच्या घरी बी माह्या दुकानातून पुडकं जाते, साहेब. त्यात काय राह्यते, मी कोनाले सांगतो का?"

मी जमादारांकडे बघितलं. जमादार आढ्याकडे बघत होते. चाचा जालन्याहून माझ्यासाठी सुके बोंबील मागवून देत, आणि माझे घरमालक कांदासुद्धा न खाणारे होते.

पण खाकी अंगावर असली की माणूस लाजेलाही राग समजतो. मी आवाज चढवून म्हणालो, पुढची चौकशी ठाण्यात होईल. चाचा उठले, टोपी नीट केली. चावडीच्या दाराशी बाई उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या माझे आभार मानतील.

"चाचाले नेलं त माह्या येलाले पानी भेटन का, साहेब?"

मी गाडी जुंपायला सांगितलं.

गाडी पोलीस पाटलांची. पुढे त्यांचा गाडीवान, मागे चाचा, जमादार आणि मी. वाट पानमळ्याच्या मागून, त्या दगडी भिंतीला लागून जात होती. भिंतीपाशी आलो आणि डावीकडचा बैल थांबला. चांगला उंच, पांढरा, शहाण्या तोंडाचा. त्यानं मान खाली घातली आणि भिंतीच्या बुडाची जमीन चाटायला लागला.

"हाक ना रे," मी म्हणालो.

"हालत नाई तो, साहेब. हा इथं रोज थांबते."

"रोज?"

"हाव. लय दिवस झाले. म्हनून त आमी घरून जरा बेगीनं निंगतो."

पाटलाचा बैल रोज एका भिंतीपाशी थांबतो हे गाडीवानाला माहीत, त्याच्या मागच्या गाड्यांना माहीत, लवकर निघायची सोयसुद्धा झालेली. का थांबतो, एवढंच कोणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही. मी खाली उतरलो आणि कायद्याच्या कामात अडथळा आणणाऱ्या त्या बैलाची वेसण धरून ओढायला लागलो. घामानं भिजलेला माझा हात त्यानं मनगटापासून कोपरापर्यंत चाटला, आणि पुन्हा जमिनीकडे वळला. तोल जाऊन मी भिंतीला हात टेकला. तळव्याला पांढरे पोपडे लागले.

तोवर मला चाखायची सवय लागली होती. मी बोट जिभेला लावलं. मीठ. मग वास आला, ओहोटीचा, खाडीचा. या खेपेला मला आईची आठवण आली नाही.

"चाचा," मी म्हणालो, "हेच का गिऱ्हाईक?"

"मी काई बोललो का, साहेब?"

"नाही."

"मंग बैल बोलला असन."

घर होतं बोटवाल्यांचं. गावानं त्यांना दिलेलं हे नाव. चांगल्या जमीनदार कुणब्याच्या घरातला हा माणूस, तरणेपणी घर सोडून मुंबईला गेला आणि आगबोटीवर इंजिनात कामाला लागला. थोरला भाऊ वारल्यावर म्हातारी आई आणि शेती बघायला परत आला होता. फारसा कोणात मिसळत नसे. त्यांनी दार उघडलं. मला पाहिलं, जमादारांना पाहिलं, गाडीत बसलेल्या चाचांना पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं.

"या," ते म्हणाले. "पन आवाज नका करू. ते बुजते."

मागच्या खोलीत खिडकीला ओली पोती टांगलेली. मधे चुन्यानं घोटलेला हौद, एका बाजूला जाड काच बसवलेली. ट्रकच्या टायरची ट्यूब सायकलच्या पंपानं फुगवून तिला बारीक रबरी नळी जोडली होती, आणि नळीतून पाण्यात बुडबुडे सुटत होते. काचेआड, तळाशी, हातभर लांबीचं काहीतरी वळून वळून फिरत होतं. अंगावर आडवे पट्टे, पसरट डोकं, लांब शेपूट.

समुद्रापासून एवढ्या लांब, काळ्या जमिनीच्या मुलखात, माझ्या तोंडून निघालं, "मुशी!"

जमादार म्हणाले, "हे काय हो?"

"शार्क म्हणतात इंग्रजीत. आमच्याकडे मुशी. अहो, हिचं कालवण असं होतं की—"

बोटवाले माझ्या आणि हौदाच्या मधे येऊन उभे राहिले. "साहेब, जरा दूर उभे राहा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ही चौकशी माझ्या कौशल्यानं झाली असं मी पुढे वरिष्ठांना कळवलं; खरं म्हणजे कोणीतरी विचारावं म्हणून तो माणूस वाटच बघत होता. मुंबईच्या ओळखीच्या कोळ्याकडून मुशीची अंडी आणली होती. चामड्याच्या पाकिटासारखी असतात ती. ओल्या गोणपाटात, डब्यात घालून. एक सडलं, एक वाटेतच फुटलं, एकातून ही निघाली. आधी समुद्राचं पाणी पिंपांतून मागवलं, मग ते पुरेना म्हणून साध्या पाण्यात खडेमीठ घालायला लागले. खायला पैनगंगेतले झिंगे, भोई आणून द्यायचे.

"पण कशासाठी हे?" मी विचारलं.

ते काचेकडे वळले. "साहेब, जिंदगी समुद्रावर गेली म्हनते लोक. मी त खाली इंजिनात होतो. समुद्र वर होता. आवाज आयकला मी त्याचा, पाह्यला नाई धड. इथं आलो अन् मंग वाटलं, जरासा घरी असला पाह्यजे."

मी मनातल्या मनात दंडसंहिता चाळली. घरात दारू ठेवली तर कलम होतं, हत्यार ठेवलं तर होतं. मुशी ठेवली तर नव्हतं.

"पाणी बदलता?" मी विचारलं.

"बदलाच लागते. नाई त तिच्याच घानीनं मरते."

"जुनं पाणी कुठे जातं?"

"मागं खड्डा हाय ना. त्यात..." आणि ते बोलायचे थांबले. मागे खड्डा, खड्ड्याखाली फुटका मुरूम, मुरुमाच्या उताराला बाईंची विहीर. पानमळा पिवळा पडल्याचं त्यांच्या कानावर होतं. मीठ टाकणाऱ्याला त्यांनीही चार शिव्या दिल्या होत्या. आपलंच मीठ जमिनीखालून चालत गेलं असेल हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. ते खाली बसले.

गाडी थांबलेली बघून लोक जमले होते. त्यांतून बाई पुढे आल्या. खोलीच्या दाराशी चपला काढल्या, मळ्यात काढतात तशा, आणि हौदापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता भांडण होणार. मी जमादारांना खुणेनं मधे उभं केलं. बाई भांडल्या नाहीत. बराच वेळ त्या मुशीकडे बघत होत्या. मुशी कोपऱ्यात जायची, भिंतीला नाक लागलं की वळायची, समोरच्या कोपऱ्यात जायची, पुन्हा वळायची.

"हे केवढी होते, साहेब?" त्यांनी मला विचारलं.

मी कमरेपाशी हात धरून दाखवला.

"अन् हा हौद?"

"हौद वाढवीन, वैनी," बोटवाले म्हणाले.

"मंग पानी बी वाढन. मीठ बी वाढन. ते कुठं जाईन?"

बोटवाल्यांनी मागच्या खड्ड्याच्या दिशेनं पाहिलं.

"मी तुमाले हासत नाई, भाऊजी," बाई म्हणाल्या. "माह्या येलाले बी इथलं ऊन सोसत नाई. मी बी त्याले झाकून, पानी पाजून ठेवतो. पन येल खुंटाले लावला की वर जाते. हे त फिरूनच राह्यली. अन् माह्या येलाचं पानी मी दुसऱ्याच्या घरात सोडत नाई."

मी पुढे बऱ्याच कोर्टांत बरेच निकाल ऐकले. एवढा थोडक्यात आणि एवढा पुरा निकाल पुन्हा ऐकला नाही. बोटवाल्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मुंबईले नेऊन सोडतो तिले."

खटला झाला नाही. बाईंना खटला नको होता, पाणी हवं होतं. पोलीस पाटलांसमोर ठरलं की बोटवाल्यांच्या शेतातल्या गोड्या विहिरीचं पाणी उन्हाळाभर पाटानं मळ्याला द्यायचं. मिठाचा खड्डा खणून माती गाड्यांनी माळावर टाकायची. आणि खारी विहीर मोट लावून पुन:पुन्हा उपसायची, नवे झरे गोड लागेपर्यंत. मुशी गेल्यावर तो हौद धुऊन मळ्याच्या गोड्या पाण्याच्या साठ्यासाठी वापरायचा. मोटेवर बोटवाले स्वतः उभे राहत. पाणी गोड झालं की नाही ते चाखायला मात्र मला बोलावणं यायचं. या विषयात आता साहेबांएवढा अनुभवी कोणी नाही, असं जमादारांनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं.

राहिले चाचा. मी त्यांना म्हणालो, "नाव सांगितलं असतंत तर चावडीतूनच सुटला असता."

"मी सुटलो असतो, साहेब. माही जबान सुटली नसती." मग म्हणाले, "आता एक करा. बाजाराच्या दिवशी माह्या दुकानावर येऊन बसा. वर्दीत. गाव पाहीन असं."

मी बसलो. भर बाजारात, मिठाच्या पोत्यावर, चहा पीत. चाचा येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगत होते, "साहेब आले, राम राम घ्या." दुसऱ्या बाजूनं जाणारे एकेक करून या बाजूला आले. खबऱ्याही आला. चाचांनी त्यालाही चहा दिला. त्यांनी माझी तक्रार वर केली असती तर माझी नोकरी तिथेच आटोपली असती. त्यांनी मला चहा पाजला आणि उठताना हातात पुडकं दिलं, वरून कागद नीट बांधून.

मुशी न्यायला बोटवाल्यांबरोबर मी गेलो. रजा मंजूर झालीच होती, आणि अंगारा पाठवणाऱ्या आईला भेटायचं होतं. खामगावपर्यंत कापसाचा ट्रक, पुढे रेल्वे. पिंपावर ओलं गोणपाट, बाजूला फुगवलेली ट्यूब, आणि सायकलचा पंप हातात घेऊन बसलेला मी. तिकीट तपासनीसानं विचारलं, "आत काय?"

"मासा."

"मेलेला?"

"जिवंत."

त्यानं बराच विचार केला. मेलेल्या माशाचा दर त्याला पाठ होता, जिवंत कोंबडीचाही होता. शेवटी तो म्हणाला, "मग उतरेपर्यंत मरू देऊ नका," आणि पुढे गेला.

मेली नाही. कोळ्यानं सांगितलेल्या जागी, खडकांच्या आडोशाला आम्ही पिंप आडवं केलं. मुशी थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग शेपटीला एक वळसा, आणि दिसेनाशी झाली. कुठल्याच भिंतीशी ती वळली नाही. बोटवाले पाण्यात पोटरीपर्यंत उभे होते. म्हणाले, "साहेब, आज पहिल्यांदा पाय घातले यात."

पाण्याच्या नमुन्यांचा अहवाल सगळं मिटल्यावर आला. नमुन्यात मिठाचं प्रमाण जास्त आढळलं होतं, आणि किंचित मद्यही आढळलं होतं. आम्ही वापरलेल्या बाटल्या दारूबंदीच्या छाप्यातल्या होत्या. यावर खुलासा मागवला गेला. तो जमादारांनी लिहिला आणि मी न वाचता सही केली. मला अजून वाचायचं धाडस होत नाही.

आता निवृत्तीनंतर शहरात राहतो. हल्ली लोक दिवाणखान्यात काचेचे मोठे हौद ठेवतात, यंत्रानं पाणी स्वच्छ होतं, वीज आहे, औषधं आहेत. ओळखीतल्या एका तरुण गृहस्थांना घरी शार्कचं पिल्लू पाळायचं आहे. माझी कीर्ती ऐकून ते सल्ला विचारायला आले. हौसेला हसायचा अधिकार मला नाही, मी त्या बाईंसमोर उभा राहिलेला माणूस आहे. मी एवढंच विचारलं की ते मोठं केवढं होतं, आणि त्याचं पाणी तुम्ही कुठे सोडणार. ते विचार करून सांगतो म्हणाले. अजून आले नाहीत. मला वाटतं, पाळू नये. जो प्राणी घरात मावेपर्यंतच आपला असतो, तो आपला नसतोच.

केसनं पोलीस म्हणून काय शिकवलं? वास आला तर आईला पत्र लिहिण्याआधी भिंतीपलीकडे बघावं, हे एक. आणि दुसरं, माझ्या हातून चूक पुरी व्हायच्या आत कोणी ना कोणी मधे येऊन उभं राहिलं, ते माझ्या हुशारीमुळे नव्हे. चाचा होते, बाई होत्या, जमादार होते. त्यांच्यामुळे माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एक निरपराध माणूस कोठडीत गेला नाही. हे ऋण फेडायचं कसं ते मला कधी कळलं नाही, म्हणून सांगत बसतो.

पावसाळ्यानंतर बाईंचा निरोप आला: वेलीला नवी पानं धरली आहेत, पहिली कवळी तुमची. मी गेलो. बूट बाहेर काढले, या वेळी न सांगता. बाईंनी हिरव्यागार पानांची कवळी माझ्या ओंजळीत ठेवली. मी पान तोंडात घातलं, गोड होतं. मग म्हटलं, यात खरा वाटा ज्याचा त्याला द्यावा, आणि उरलेली पानं घेऊन पोलीस पाटलांच्या गोठ्यात गेलो. तो पांढरा बैल बांधलेला होता. मी त्याच्यापुढे सगळ्यांत चांगलं पान धरलं. त्यानं वास घेतला, मान फिरवली आणि माझा हात चाटायला लागला.